ईओडी म्हणजे नेमकी कुणाची संध्याकाळ?

प्रश्न : ताई, नवीन नोकरी लागली आहे. साहेबांची मेल येते : 'पीएफए. एफवायए. नीड इट बाय ईओडी.' बाकीचे माना डोलावतात, म्हणून मीही डोलावतो. विचारावं तर अडाणी ठरेन, न विचारावं तर काम चुकेल. – नवा भिडू

उत्तर : पीएफए म्हणजे 'प्लीज फाइंड अटॅच्ड', सोबत फाईल जोडली आहे. ती खरंच जोडलीय का, हे आधी बघा; पीएफए लिहून फाईल विसरणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. एफवायए म्हणजे 'फॉर युवर अ‍ॅक्शन', थोडक्यात काम तुमच्या गळ्यात पडलंय. एफवायआय, म्हणजे 'फॉर युवर इन्फर्मेशन', असतं, तर नुसतं वाचून ठेवलं तरी चाललं असतं. फरक शेवटच्या एका अक्षराचा, म्हणून तिथे घाईने नजर फिरवू नका.

खरी गोम ईओडीत आहे. 'एंड ऑफ डे' हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दिवस कुणाचा? कुणाला ऑफिस सुटायची वेळ अभिप्रेत असते, कुणाला रात्रीचे बारा. साहेब दुसऱ्या देशात बसत असतील, तर त्यांची संध्याकाळ म्हणजे तुमची मध्यरात्रही असू शकते. सीओबी, म्हणजे 'क्लोज ऑफ बिझनेस', त्यातल्या त्यात बरं. निदान कचेरी बंद व्हायची वेळ असते, पण कुठली कचेरी हा प्रश्न राहतोच. तेव्हा अर्थ विचारत बसू नका. सरळ लिहा, 'आज सहापर्यंत पाठवतो, चालेल ना?' अडाणीही ठरत नाही आणि वेळ लेखी पक्की होते.

काही अक्षरं तर दुहेरी असतात. 'पीओसी कोण?' असं विचारलं, तर संपर्काचा माणूस, म्हणजे 'पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट' हवा आहे. 'पीओसी झालं का?' म्हटलं, तर 'प्रूफ ऑफ कन्सेप्ट', कल्पना चालते का हे दाखवणारा छोटा प्रयोग. आजूबाजूचे शब्द बघितले की उलगडा होतो. तेवढ्यावरही कळलं नाही तर बेलाशक विचारा. संक्षेप वापरणाऱ्यानेच पहिल्यांदा तो पूर्ण लिहायला हवा, कमीपणा तुमच्याकडे नाही.

प्रश्न : एखाद्याला बीसीसीत ठेवणं हा चोरटेपणा नाही का? आमच्याकडे यावरून चांगलीच जुंपली.

उत्तर : मी टंकलेखिका म्हणून लागले, तेव्हा सीसी म्हणजे खरीखुरी कार्बन कॉपी. दोन कागदांमध्ये कार्बन घालून कळा जोरात दाबायच्या, तरी खालची तिसरी-चौथी प्रत पुसटच निघायची. बीसीसीची, म्हणजे 'ब्लाइंड कार्बन कॉपी'ची, रीत अशी : मूळ पत्र यंत्रातून काढून घ्यायचं आणि गुपचूप ज्याला प्रत जायची त्याचं नाव फक्त प्रतीवर टाइप करायचं. मूळ पत्र ज्याला जाई, त्याला पत्ताच नाही! तेव्हा लपवाछपवी जुनीच.

शंभर जणांना एकच मेल धाडायची आणि एकमेकांचे पत्ते उघडे पडू द्यायचे नाहीत, तर बीसीसी उत्तम. सहकाऱ्याची कागाळी वरिष्ठांना हळूच दाखवायला मात्र ती वापरू नका. त्यांनी 'रिप्लाय ऑल' दाबलं की सगळ्यांसमोर बिंग फुटतं. त्यापेक्षा पाठवलेली मेल नंतर त्यांना वेगळी फॉरवर्ड करा.

प्रश्न : नात सारखं एलओएल, ओएमजी लिहिते. मी एलओएल म्हणजे 'लॉट्स ऑफ लव्ह' समजत होते. ही हल्लीचीच खुळं ना? – एक आजी

उत्तर : आजी, तुम्ही एकट्या नाही. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉनही तसंच समजून मेसेजखाली एलओएल लिहीत. ही गोष्ट 2012 मध्ये तिथल्या चौकशी आयोगापुढच्या साक्षीत उघड झाली. आता त्याचा अर्थ 'लाफिंग आउट लाउड', खो खो हसणं, असाच घेतला जातो, त्यामुळे सांत्वनाच्या मेसेजात ते चुकूनही नको. आणि ओएमजी, म्हणजे 'ओ माय गॉड', काही नातीच्या पिढीचं नाही. ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल फिशर यांनी 1917 मध्ये चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते आहे. नातीला सांगाच.

प्रश्न : आमंत्रणावर 'प्लीज आरएसव्हीपी' लिहावं का?

उत्तर : 'प्लीज' गाळा. ही अक्षरं मूळ फ्रेंच आहेत, अर्थ 'कृपया उत्तर कळवा'; म्हणजे 'कृपया' त्यांतच आलंय. खाली तारीख आणि फोन नंबर मात्र द्या, नाहीतर कळवायचं कधी आणि कुणाला?