अझेलियाचे बी रुजते, पण मे महिना कसा काढायचा?

महिनाभरात एकाच झाडाविषयी चौघांनी विचारले. म्हणून सुपारीच्या कोळेरोगाची पत्रे पुढच्या वेळेसाठी ठेवतो आणि आज अझेलिया या हौसेच्या फुलझाडाविषयी लिहितो.

वाळपईहून एका ताईंचा प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत सिक्कीमला गेलो होतो. जिथे उतरलो त्या घरच्या मालकिणीने अंगणातल्या अझेलियाची सुकी बोंडे पुडीत बांधून दिली, सोबत ऱ्होडोडेंड्रॉनचीही दोन आहेत. ती परसात पेरली तर येतील का?

ताई, रुजतील. पुढचे मात्र समजून-उमजून करा, म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही.

अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन ही नावे दोन असली तरी वंश एकच. हिमालयातला तांबड्या फुलांचा बुरांश तो हाच. नेपाळचे ते राष्ट्रीय फूल आणि उत्तराखंडचा राज्यवृक्ष. पश्चिम घाटातही त्याचा एक भाऊबंद आहे, पण निलगिरी, पळणी, अनामलाईच्या माथ्यांवर, शोला म्हणतात त्या डोंगरी जंगलाच्या थंडीत. आपल्या गोव्यातला सर्वांत उंच डोंगर सोंसोगोरसुद्धा त्या उंचीला पोचत नाही.

लोकांना वाटते अडचण मातीची आहे. तसे नाही. या झाडांना आंबट माती लागते, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ६, आणि आपली जांभ्याची तांबडी माती बहुतेक ठिकाणी आंबटच. घोडे अडते ते रात्रीपाशी. पणजीत जानेवारीतही रात्रीचा पारा सरासरी १९-२० अंशांच्या आसपास राहतो, मे महिन्यात तर पहाटेही घाम निथळतो. दिवसभर कमावलेले अन्न झाड उकाड्याच्या रात्री श्वासावरच खर्चून बसते. त्यात बाजारातल्या बहुतेक अझेलियांना कळी उमलायला काही आठवडे चांगली थंडी लागते. ती मिळाली नाही की कळी तशीच बसून राहते, नाहीतर एखाददुसरे फूल येऊन जाते. तुमची वाळपई पणजीपेक्षा जरा बरी, पहाटे पांघरूण लागते. तेवढ्याच आशेवर पुढचे लिहितो.

पेरणी आताच, नोव्हेंबरात करा. रोपांना मेच्या आधी पाच-सहा महिने मिळायला हवेत.

बोंड पांढऱ्या कागदावर ठेवून बोटांनी हलके चुरा. अझेलियाचे बोंड पाच फाकांनी उकलते आणि आतून तपकिरी भुकटी पडते. ती भुकटी म्हणजेच बी. कागद थोडा कलता धरून खालून टिचकी मारा. दाणे घरंगळत पुढे जातात, फोलपट मागे राहते. पंखा बंद ठेवा, हे आधी सांगायला हवे होते. पहिल्या वेळी माझे अर्धे बी दिवाणखान्यात पसरले. उरलेले बी कागदी पुडीत घालून, घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा, वर्षभर तरी टिकते.

पेरायला पारदर्शक झाकणाचा मिठाईचा डबा पुरे. तापवलेल्या खिळ्याने तळाला दहा-बारा भोके पाडा. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवून तीन पाण्यांतून धुवा. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर त्यात मीठ राहते आणि एवढ्याशा रोपाला ते सोसत नाही. डब्यात तीन बोटे कोकोपीट भरा. त्यावर अर्ध्या बोटाचा थर स्फॅग्नम मॉसचा (वाळवलेल्या शेवाळाचा) द्या. ऑर्किडवाल्यांकडे तो मिळतो. उकळते पाणी ओतून, निवल्यावर पिळून, चाळणीवर घासून घ्या. शेणखत, गांडूळखत काही घालू नका. चुलीची राख तर मुळीच नको, ती आंबटपणा मारते. आमच्याकडे कुठल्याही कुंडीत मूठभर राख टाकायची सवय आहे, ती इथे आवरा.

डबा पाण्याच्या परातीत ठेवून खालून भिजू द्या. मग कागदाची घडी करून तिच्यातून बी वर भुरभुरा, शेवयांवर वेलचीपूड घालतो तसे. वरून माती ओढू नका. या बियांना रुजायला उजेड लागतो, झाकले की सगळे फुकट. झाकण लावून पूर्वेच्या खिडकीत ठेवा, पण थेट ऊन नको. घरात अंधार असेल तर एलईडी ट्यूब वीतभर उंचीवर लावून रोज १४ तास चालू ठेवा.

दोन ते चार आठवड्यांत मॉसवर हिरवे ठिपके दिसतील. भिंग घेऊन बघा, खसखशीएवढी दोन पाने असतात. इथेच बहुतेकांची रोपे जातात. झाकण बंद, आत दमटपणा, मग एका सकाळी रोपे मुळाशी काळी पडून आडवी. औषध शोधण्यापेक्षा हवा द्या. रोपे दिसल्याच्या आठवड्याने झाकण काडीएवढे उचला, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडे जास्त. पाणी वरून कधीच नाही.

पाणी कुठले, हेही महत्त्वाचे. पावसाचे साठवलेले सर्वांत उत्तम. एसीच्या नळीतून टपकणारे पाणी चालते, आणि आपल्याकडे दमटपणामुळे ते बादलीभर मिळते. आतल्या तालुक्यांतल्या विहिरींचे पाणी बहुधा सौम्य असते. किनाऱ्यालगतचे मात्र तपासा. चहाच्या भांड्यात पांढरी पापडी धरत असेल तर ते पाणी या रोपांना नको. पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर समजायचे की चुन्याने लोह अडवले आहे.

तीन-चार खरी पाने आली, म्हणजे तीनेक महिन्यांनी, बांबूच्या टोकदार सळईने एकेक रोप मॉससकट उचला आणि छोट्या मातीच्या कुंडीत लावा. भरायला कोकोपीट, आंबा-काजूखालचा पूर्ण कुजलेला पाला आणि चिऱ्याचा बारीक चुरा घ्या. मुळे केसासारखी आणि अगदी वर पसरणारी असतात, म्हणून खोल लावू नका, खुरपे फिरवू नका. खत म्हणून पंधरवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम अमोनियम सल्फेट. कॅल्शियम नायट्रेट टाळा.

मग एप्रिल-मे. कुंड्या उत्तरेकडच्या पडवीत, ओल्या चिऱ्यांवर ठेवा. मातीची कुंडी पाझरते तेवढीच मुळांना थंडाई. आणि जूनच्या पहिल्या सरीला हौसेने बाहेर काढू नका. गरम आणि चिंब माती म्हणजे मूळकुजीला आमंत्रण. पाऊसभर पडवीतच राहू द्या.

फोंड्यात माझ्या पडवीत एका वर्षी चाळीस-एक रोपे होती. मेअखेर अकरा उरली, गणेशचवथीपर्यंत तीन. त्यांतले एक अजून आहे, गुडघ्याएवढे. चौथे वर्ष चालू आहे, अजून फूल दाखवलेले नाही. जिथे हवा मानवते तिथे अझेलिया बियांपासून दोन ते चार वर्षांत फुलतो. झाडासारख्या वाढणाऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनला त्याहून खूप जास्त लागतात, तेव्हा ती दोन बोंडे डोंगराळ भागातल्या कुणा सोयऱ्याला द्या. अझेलियालाही आईचाच रंग येईल असे धरून चालू नका, बागेतली झाडे बहुतेक संकरित असतात.

उष्ण हवेत राहणारे ऱ्होडोडेंड्रॉन जगात नाहीत असे नाही. इंडोनेशिया, बोर्निओ, न्यू गिनीकडे व्हिरेया नावाचा मोठा गट आहे, त्यात सुमारे ३०० जाती. बऱ्याच डोंगरातल्याच, पण जावानिकम, ब्रुकियानम अशा काही खालच्या उष्ण रानातही येतात, ऑर्किडसारख्या झाडांच्या फांद्यांवर. गोव्यात प्रयोग करायचाच तर तो यांच्यावर करावा. पण यांचे बी फार दिवस टिकत नाही. बी परदेशातून आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचा वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. बॅगेतून गुपचूप आणू नका.

सांगे येथील एका भावांचा प्रश्न: ऑनलाइन 'निळा अझेलिया, १०० बिया' असे पाकीट मागवले. काळे, तिळासारखे दाणे आहेत. कधी पेरू?

पेरू नका. वर सांगितले तसे अझेलियाचे बी भुकटीसारखे असते. दाणे चिमटीत मोजता येत असतील तर ते अझेलियाचे नव्हेच. असेच एक पाकीट एकांनी कार्यालयात आणले होते. आम्ही त्यातले चार दाणे वाटीत भिजवले, अर्ध्या तासात भोवती बुळबुळीत पांढरा गर धरला. सब्जा! फालुद्यात घालायच्या बियांचे त्यांनी तीनशे रुपये मोजले होते. पाकीट परदेशातून आले असेल तर कुंडीतही टाकू नका, जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात द्या. २०२० च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशा अनोळखी पाकिटांबद्दल राज्यांना सावध केले होते, ते उगाच नव्हे. त्यांतून तण किंवा रोग आला तर तो तुमच्या बांधापाशी थांबत नाही.

पेडण्याहून: अर्धा एकर मोकळा आहे. अझेलिया लावून म्हापशाच्या बाजारात फुले विकता येतील का?

नाही. हे फूल तोडले की मलूल होते, गजऱ्यात टिकत नाही आणि आपल्या उकाड्यात पीक म्हणून उभेच राहणार नाही. तुमच्याकडे पाणी असेल तर अबोली आणि जाई लावा. फातीला, म्हणजे गुंफलेल्या माळेला, गिऱ्हाईक चवथीला असते, जत्रेला असते, लग्नसराईला असते. अंगणात अझेलियासारखा भरगच्च रंग हवा असेल तर तांबडी पिटकुळी (इक्झोरा) आहे. तिलाही आंबट माती आवडते, आणि मे महिन्यात ती रडत नाही.

डिचोलीहून: घरात शेळ्या आहेत. हे झाड विषारी असते म्हणतात, खरे का?

खरे. पाने, फुले आणि मधातही ग्रेयानोटॉक्सिन नावाचे विष असते. शेळीने पाला ओरबाडला तर लाळ गळते, ओकारी येते, चाल लडखडते. अशा वेळी घरगुती काढे पाजत बसू नका, लगेच पशुवैद्यांना बोलवा. कुंडी शेळीच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि छाटलेल्या फांद्या गोठ्याच्या कडेला टाकू नका. उत्तराखंडात बुरांशच्या फुलांचे सरबत करतात हे तुम्ही ऐकले असेल, ते त्या एका जातीच्या फुलांचे. अझेलियाची फुले चहात किंवा सरबतात घालू नका.