पीटीच्या तासाला गणित, आणि रिपोर्टात मुलगा कमी

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, अनुदानित शाळेत. ऑफिसबाहेर फिट इंडिया स्कूलचं सर्टिफिकेट लावलंय पण आठवड्याला पीटीचे दोनच तास आणि त्यातला एक बहुतेक वेळा गणिताला जातो. आता शाळेत फिटनेस टेस्ट झाली, त्यात ६०० मीटर रनिंग आणि वाकायच्या टेस्टमधे तो कमी आला. क्लास लावू का कुठे?
– एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, क्लासचं नंतर बघू, आधी शाळेत जा. ही टेस्ट खेलो इंडियाची, म्हणजे केंद्र सरकारच्या खेळांच्या योजनेतली, त्यात चौथी ते बारावीसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं, पुशअप्स, अर्धे सिटअप्स आणि ती वाकायची, म्हणजे बसून पाय सरळ ठेवून पायाचे तळवे बॉक्सला टेकवायचे आणि हात जातील तेवढे पुढे न्यायचे. दिवसभर बाकावर आणि मग क्लासला बसून राहणाऱ्या पोराच्या मांडीमागचे स्नायू आखडतात, गुडघा वर येतो, हात पुढे जात नाहीत. यात तुमच्या मुलाचा काही दोष नाही, त्याला कुणी हलूच दिलं नाही तर आकडा येणार कुठून?

फिट इंडिया ही केंद्र सरकारची फिटनेसची मोहीम, सुरू झाली २९ ऑगस्ट २०१९ ला, मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीला. शाळेला फिट इंडियाचा फ्लॅग, म्हणजे त्या सर्टिफिकेटची पहिली पायरी, हवा तर अटी आहेत, मैदान पाहिजे, पीटीचं ट्रेनिंग घेतलेले एक शिक्षक पाहिजेत, प्रत्येक तुकडीला रोज एक पीटीचा तास आणि मुलांची रोज किमान ६० मिनिटं हालचाल. रोज, आठवड्यातून दोनदा नाही! आणि ही माहिती शाळा स्वतःच भरून देते, म्हणून विचारायचं काम आपलं पालकांचं. मला खरंच वाईट वाटतं की टेस्ट घ्यायला, फोटो काढायला वेळ मिळतो आणि रोजचा तास मात्र पहिला कापला जातो.

सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालकच असतात, आणि हे आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. त्याच कायद्यात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्यही सांगितलंय. मीटिंगमधे वेळापत्रक मागा, पीटीचा तास कोण घेतं ते विचारा, इतिवृत्तात लिहून घ्या. गणितवाल्या सरांशी भांडू नका, पोर्शन संपवायचं प्रेशर त्यांच्यावरही असतंच, बोलायचं ते मुख्याध्यापकांशी. आणि एकट्या जाऊ नका, चारपाच आया मिळून जा.

घरी तोवर एवढं करा, संध्याकाळी त्याला एक मिनिट पळू दे, एक मिनिट चालू दे, असं दहाबारा मिनिटं, आणि हळूहळू पळणं वाढवा, एकदम ६०० मीटर पळवू नका. रोज थोडे सूर्यनमस्कार, गुडघे जमतील तेवढेच सरळ, झटके द्यायचे नाहीत. गल्लीत पोरं असतील तर खो-खो लावून द्या, पळणं, वळणं, उठबस सगळं त्यात येतं आणि पोरगं कंटाळत नाही.

रिपोर्टातला बीएमआय मोठ्यांच्या १८.५ ते २५ च्या हिशोबाने बघू नका, मुलांचा वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी त्याप्रमाणे वेगळा तक्ता असतो, शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा. पळताना दम लागून छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग पळणं.