विज्ञान-तंत्रज्ञानाची मोठी बातमी आली की काही लोकांना आनंद होण्याऐवजी शंकाच का येते? त्यांचा विज्ञानावर विश्वास नसतो का?

तुमचे ते 'काही लोक' म्हणजे मीच, असं धरून उत्तर देतो. घरात, कंपनीत आणि शाळेच्या जुन्या ग्रुपवर माझी ख्याती तीच आहे. कुणी 'क्रांतिकारी शोध' म्हणून काही टाकलं की दुसरा लगेच खाली लिहितो, "थांबा, आता खुसपट येतंय."

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात लोखंड ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. सतरा वर्षं झाली. आमच्याकडं नव्या पार्टचं पहिलं सॅम्पल कसं निघतं ते आधी सांगतो. ग्राहकाला पाच नग दाखवायचे असतात. त्या दिवशी वाळूचा ओलावा तासातासाला तपासतात, फर्नेसवर सगळ्यात जाणता माणूस उभा करतात, मोल्डमधला कण न् कण फुंकून काढतात, आणि मालक दोनदा येऊन कमरेवर हात ठेवून बघून जातात. पाचच्या पाच नग पास. पेढे वाटले जातात. दोन महिन्यांनी त्याच पार्टचा दोन हजारांचा लॉट लागतो. तोवर पावसाळा सुरू झालेला असतो, वाळू दमट, जाणता माणूस रोप लावणीला गावाकडं गेलेला. मग ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या लोखंडात हवेनं राहिलेली भोकं, मोजून मोजून डोळे दुखतात. सॅम्पलमध्ये लबाडी कुणीच केलेली नसते. ते सॅम्पल होतं, एवढंच.

त्यामुळं कुठलीही बातमी वाचली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: हे सॅम्पल आहे की लॉट?

हायपरलूपचंच घ्या, म्हणजे हवा काढलेल्या नळीतून धावणारी गाडी. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या गुंतवणूक मेळाव्यात जाहीर झालं, मुंबई-पुणे २५ मिनिटांत. पुढच्या वर्षी राज्य सरकारनं त्याला पायाभूत प्रकल्प म्हणून मान्यताही दिली. आमच्या ग्रुपवर एकानं तर ती नळी कोल्हापूरपर्यंत आणून रंकाळ्याजवळ स्टेशनही बांधलं होतं. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीनं माणसं बसवून चाचणी घेतली ती नोव्हेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात. प्रवासी दोन, दोघंही कंपनीचेच. नळीची लांबी ५०० मीटर, म्हणजे बिंदू चौकातून अंबाबाईच्या देवळापर्यंत चालत जावं साधारण तेवढी. वेग ताशी १७२ किलोमीटर, जो रुळावरच्या गाडीलाही जमतो. २०२३ च्या डिसेंबरअखेर कंपनीनं गाशा गुंडाळला. जाहीर झालं तेव्हा पहिल्या पानावर होतं, गुंडाळलं तेव्हा आतल्या पानावर चार ओळी. आम्ही अजून कोकणात उतरणाऱ्या वैभववाडीच्या साध्या रेल्वेची वाट बघतोय, ते सोडा.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात विजेचा हिशोब आहे आणि फाउंड्रीवाल्याचा जीव विजेच्या बिलात अडकलेला असतो. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या अणूंचं मीलन घडवलं, आणि घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर निघाली. सूर्यात चालतं तसलंच काम. आठवड्याभरानं जाहीर केलं, आणि मग 'अमर्याद वीज', 'ऊर्जेचा प्रश्न संपला' वगैरे सुरू झालं. मी रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो. लेझरनं हायड्रोजनच्या चिमुकल्या गोळीवर टाकले २.०५ मेगाज्यूल, निघाले ३.१५. आता एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे निघालं ते एक युनिटसुद्धा नाही! एक हॉर्सपॉवरची मोटर तासभर चालेल एवढं. आणि ते लेझर पेटवायला ग्रिडमधून ओढले सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट. आमच्या इंडक्शन फर्नेसला एक टन लोखंड वितळवायला ६०० युनिटच्या आसपास लागतात. ८३ युनिट घालून पाऊण-एक युनिट मिळत असेल तर मालक मला फर्नेसमध्येच घालतील.

पण एक सांगतो, त्या रात्री मी खूश होतो. गोळीत गेली त्यापेक्षा जास्त ऊर्जा गोळीतून निघणं हे कित्येक दशकं जमलेलं नव्हतं, ते जमलं. शोध खराच होता. तो आपल्या मीटरपर्यंत आणून जोडला तो बातमीवाल्यांनी.

एलके-९९ तुम्हाला आठवत असेल. जुलै २०२३, कोरियातल्या संशोधकांचा दावा, खोलीच्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात न अडवणारा, पदार्थ सापडला. चुंबकावर अर्धवट उचललेला काळा तुकडा, त्याचा व्हिडिओ दोन दिवस फोनवर फिरत होता. एक टोक मात्र खाली टेकलेलं, ते कुणाला दिसत नव्हतं. महिन्याभरात जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून बघितला आणि निघालं काय, तर त्यात तांब्याचं सल्फाइड मिसळलेलं. ते १०४ अंशांच्या आसपास रूप बदलतं, आणि विद्युतरोध धाडकन खाली आल्याचं जे दिसलं होतं ते त्याचं काम. हे वाचून मी एकटाच हसलो. गंधक! आमच्या धंद्यातला जुना वैरी. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे मॅग्नेशियम घालून केलेल्या चिवट ओतीव लोखंडात, गंधक जरा जास्त झालं की मॅग्नेशियम वाया जातं, ग्रॅफाइटच्या गोळ्या नीट धरत नाहीत, आणि लॉटच्या लॉट परत येतो. कोरियातल्या त्या लोकांबद्दल मला खरंच आपुलकी वाटली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, विश्वासाचा. उन्हाळ्यात आम्ही कुंभार गल्लीत माठ घ्यायला जातो तेव्हा बोटाची गाठ मारून वाजवून बघतो. कुंभाराला त्यात अपमान वाटत नाही, तो स्वतःच दोन माठ वाजवून पुढं करतो. चांगले शास्त्रज्ञही तेच करतात. सप्टेंबर २०११ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातून ७३० किलोमीटरवर इटलीत पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं दिसलं. पेपरांनी 'आइन्स्टाइन चुकला' करून टाकलं. प्रयोग करणारे मात्र म्हणत होते, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्हीही शोधा. काही महिन्यांनी त्यांनाच ती सापडली. एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. (आमच्याकडं मशीन बंद पडलं की इलेक्ट्रिशियन आधी पिन हलवून बघतो. आम्ही त्याची चेष्टा करायचो, आता नाही करत.)

आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर तर आमच्या कोल्हापुरात जन्मलेले. फलज्योतिषाला नुसतं हसून सोडून देणं त्यांना सोपं होतं. त्याऐवजी त्यांनी नरेंद्र दाभोलकर आणि आणखी दोघा सहकाऱ्यांबरोबर चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या आणि म्हणाले, ओळखा कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास. २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ते छापून आलं. पण याच नारळीकरांनी विश्व महास्फोटातून सुरू झालं या सिद्धांतावर जन्मभर शंका घेतली, आणि तिथं पुरावे बघून बहुतेक शास्त्रज्ञ पलीकडच्या बाजूला गेले. शंका घेणाऱ्याची शंकाही वाजवून बघावी लागते, हे मला त्यांच्यामुळं कळलं. बायकोचं म्हणणं, कळलं असेल, वळलेलं दिसत नाही.

सध्या आमच्या भागात गाजतोय तो उसातला एआय. बारामतीच्या प्रयोगाची बातमी आली, मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी कौतुक केलं, उत्पादन ४० टक्के वाढतं म्हणून मथळे आले. आमचे तात्या, माझे चुलते, करवीर तालुक्यात तीन एकर ऊस करतात. पेपर पुढं सरकवून त्यांनी मला विचारलं, "घालायचं का रं आपल्यात बी?" मी म्हटलं, तात्या, वाढ कशाच्या मानानं, ते आधी विचारा. तुमची आडसाली लागण सतरा-अठरा महिने रानात उभी असते आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, बारा महिन्यांत तुटतो. आडसालीचा आकडा खोडव्याशेजारी मांडला तर एआय नसतानाही वाढ दिसणार. वाण तोच होता का, ८६०३२ शेजारी दुसरंच काही लावलं नव्हतं ना? आणि प्रयोगाच्या प्लॉटवर ठिबक, माती परीक्षण, रोजची फेरी, हे सगळं एकदमच आलं असेल तर त्यातलं एआयचं किती? तात्यांनी पाटाचं पाणी रात्री दोनला सोडायचं बंद केलं आणि ओल बघून ठिबक केलं, तरी फरक पडेल. यातलं त्या प्रयोगात काय होतं, काय नव्हतं, ते मी बघितलेलं नाही, म्हणून त्याला खोटं म्हणत नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. कारखान्याच्या वजनकाट्यावर लावत्यात का रं हे एआय? तितं लावलं तर चाळीस टक्के न्हाय, धा टक्के बी चालंल."

शेवटी माझ्याच घरचं सांगतो, म्हणजे फाउंड्रीतलं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं एआयचा कॅमेरा आला. कास्टिंग खालून सरकतं, कॅमेरा फोटो काढतो आणि ब्लोहोल, क्रॅक, सगळं सांगतो म्हणे. डेमोला एक तरुण इंजिनिअर आला होता, पोरगा गुणी. तीस नग ठेवले, तिसांचं बरोबर सांगितलं. मालकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, पोरगा प्रत्येक नग ठेवण्याआधी पिवळ्या फडक्यानं पुसत होता.

कॅमेरा बसवला. पहिल्या दिवशी चारशे नगांतले नव्वद रिजेक्ट. कोपऱ्यात चिकटलेली वाळू त्याला ब्लोहोल वाटायची. फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या, माणसानं खडूनं ओढलेली रेघ म्हणजे क्रॅक. एका नगावर चहाचा डाग होता, तोही रिजेक्ट, त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. आमचे मामा, म्हणजे सगळ्यात जुने मिस्त्री, ते नव्वद नग घेऊन बसले. हातोडीनं एकेक वाजवत गेले. खण्ण वाजला तो इकडं, बद्द वाजला तो तिकडं. तासाभरात उरले सहा. "साहेब, ह्या डब्याला कान न्हाईत," एवढंच म्हणाले.

हा किस्सा मी कित्येक ठिकाणी सांगितलाय आणि दरवेळी लोक खूश होऊन हसतात. पुढचा भाग सांगायचं मात्र टाळतो, तो इथं सांगतो. तीन महिन्यांनी तिसऱ्या पाळीतून गेलेला एक लॉट ग्राहकाकडून परत आला. बारीक पृष्ठभागाचे दोष, आवाजात न कळणारे. मी कॅमेऱ्याचे त्या रात्रीचे फोटो काढून बघितले. पहाटे तीन ते पाचमध्ये त्यानं त्यातले बरेचसे नग लाल दाखवले होते. तपासणीला बसलेल्या माणसानं ते हिरव्यात ढकलले होते, कारण कॅमेऱ्याचं काही ऐकायचं नसतं, हे आम्हीच त्याला हसून हसून शिकवलं होतं. मामांना मी ते फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बघितले आणि म्हणाले, "पाटं तीनला माझं बी कान झोपत्यात."

आता पहिल्या पाळीला मामा आणि तिसऱ्या पाळीला कॅमेरा, अशी वाटणी आहे. रिजेक्शन थोडं कमी झालंय. किती, ते वर्षभराचे आकडे हातात आल्याशिवाय सांगणार नाही. पुढच्या आठवड्यात तोच पोरगा नवं व्हर्जन घेऊन डेमोला येतोय. त्याच्यासाठी मी तीस नग बाजूला काढून ठेवलेत, वाळू आणि खडूच्या रेघांसकट, आणि फडकं माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात आहे.