वाचकांचे प्रश्न : पत्र्याचा शंकू हाताने वळवताना

प्रश्न : सोयाबीनचे बियाणे डब्यांत भरण्यासाठी घरीच मोठे नरसाळे करण्याचा प्रयत्न चालू आहे. वरचे तोंड ३०० मिलिमीटर, खालचे ६० मिलिमीटर आणि उभी उंची १६० मिलिमीटर हवी आहे. पुठ्ठ्याचा नमुना नीट जुळतो. पण तोच आकार २४ गेजच्या जस्ती पत्र्यात वळवला की पीळ पडतो आणि जोडाच्या दोन कडा एकमेकींसमोर येत नाहीत. चूक मापात आहे की हातात? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : पुठ्ठा जुळतो आहे, त्याअर्थी माप बहुधा बरोबर आहे. तरीही आपल्याच आकड्यांवर हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे इतर वाचकांनाही तो पडताळता येईल. वरच्या आणि खालच्या त्रिज्यांतील फरक १२० आणि उभी उंची १६०, म्हणून तिरकस उंची २०० येते. ही बाजू शंकूच्या टोकापर्यंत वाढवायची, तर २०० ला ३०० ने गुणून ३०० वजा ६०, म्हणजे २४० ने भागावे; उत्तर २५० येते. तेव्हा एकाच मध्यबिंदूवरून २५० आणि ५० मिलिमीटर त्रिज्यांचे दोन कंस काढावयाचे. वर्तुळपाकळीचा कोन ३६० गुणिले १५० भागिले २५०, म्हणजे २१६ अंश. दहावीच्या भूमितीत शंकूछेद शिकताना बहुतेकांनी केलेले हे गणित आहे, फक्त तेव्हा हाती पत्रा नव्हता.

एवढा मोठा कोन लहान कोनमापकाने आखला की मोठ्या कंसावर चूक वाढत जाते. त्यापेक्षा कंपासात २५० चेच अंतर ठेवून मोठ्या कंसावर लागोपाठ तीन खुणा कराव्यात, म्हणजे १८० अंश होतात. उरलेल्या ३६ अंशांसाठी तिसऱ्या खुणेपासून सरळ रेषेत १५४.५ मिलिमीटरवर कंस छेदावा. कंपास तेवढा मोठा नसेल तर लाकडी पट्टीला एका टोकाशी खिळा आणि योग्य अंतरावर पेन्सिलीपुरते भोक पुरते. शेवटी शिंप्याचा टेप मोठ्या कंसावर धरून लांबी सुमारे ९४२ मिलिमीटर भरते का, ते पाहावे. जोडासाठी सोडलेली १० मिलिमीटरची पट्टी मात्र एकाच बाजूला आणि कडेला समांतर असावी. ती मध्यबिंदूकडे निमुळती होत गेली, तर खालच्या तोंडाशी रिव्हेटला जागाच उरत नाही.

आता पीळाविषयी. सपाट पत्र्याची नळी करताना वळणाच्या सगळ्या रेषा एकमेकींना समांतर असतात, आणि हाताला तीच सवय असते. शंकूत एकही रेषा दुसरीला समांतर नसते. प्रत्येक रेषा मध्यबिंदूकडे जाते. पुठ्ठा मऊ असल्यामुळे तो चुकीच्या दिशेने वळवला तरी ओढून जुळवता येतो, पत्रा मात्र जिथे वळला तिथेच वळलेला राहतो. म्हणून पाकळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तिचे १८ अंशांचे बारा भाग पाडून घ्यावेत. त्यासाठी टोकदार आखणी वापरू नये, कारण ओरखड्याने जस्ताचा थर फाटतो आणि पहिल्या पावसाळ्यातच तिथे गंज दिसू लागतो. बाकात (व्हाइसमध्ये) घट्ट धरलेल्या ४० मिलिमीटर व्यासाच्या नळीवर पत्रा ठेवून यातील एक रेषा नळीच्या लांबीत बरोबर बसवावी, दोन्ही तळव्यांनी दाबावे आणि मग पुढची रेषा नळीवर आणावी. एका भागात मोठी कड ७८ मिलिमीटर सरकते, तर लहान कड जेमतेम १६. म्हणजे अरुंद टोकाकडचा हात जवळजवळ थांबलेला आणि रुंद टोकाकडचा हात चालता असावा लागतो. दोन्ही हात सारखे सरकले की पीळ पडलाच म्हणून समजावे. आपली चूक येथेच होत असावी, असे मला वाटते.

दोन गोष्टी आणखी. वळवण्याची सुरुवात मधून न करता दोन्ही कडांपासून करावी, कारण शंकू मिटत आल्यावर कडांना पकड मिळत नाही आणि त्या सपाटच राहतात. आणि लोखंडी हातोडा दूर ठेवावा. त्याच्या घावाने नळीवरचा पत्रा पातळ होऊन पसरतो, कड लांबते आणि ती लांबलेली कड लाटांसारखी उठते. मग ती बसवण्यासाठी आणखी घाव घालावेत, तर ती आणखीच लांबते. हाताचा दाब, आणि जिथे तो अपुरा पडेल तिथे लाकडी हातोडा, एवढ्यावर २४ गेजचे काम होते. वरच्या तोंडाला तारेची कड घालायची असेल, तर तारेच्या व्यासाच्या अडीचपट पत्रा कापतानाच जास्त ठेवावा. ३ मिलिमीटरच्या तारेला साडेसात मिलिमीटर.

प्रश्न : आमच्या माळवदाच्या घरात चुलीच्या धुरासाठी १५० मिलिमीटर व्यासाचा पाइप बसवला आहे. त्यावर ४०० मिलिमीटरची टोपी करायची आहे. गोल पत्र्यातून किती पाचर कापावी आणि जोड डाखाने केला तर चालेल का? (एक वाचक, सेनगाव)

उत्तर : २४० मिलिमीटर त्रिज्येचा गोल कापून त्यातून ६० अंशांची पाचर काढली, तर टोपीचा व्यास बरोबर ४०० येतो आणि उंची सुमारे १३३ मिलिमीटर मिळते. हा उतार मला मराठवाड्यातील पावसासाठी गरजेपेक्षा जास्त वाटतो. त्रिज्या २१० घेऊन १७ अंशांची पाचर काढल्यास व्यास तोच राहतो, उंची ६४ येते, पत्रा वाचतो आणि वाऱ्याला अडणारा आडोसाही कमी होतो. मात्र पाचर कापताना जोडासाठी दहाबारा मिलिमीटर राखावेत.

डाख येथे वापरू नये. कथिल आणि शिशाचा नेहमीचा डाख १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, आणि चुलीत पऱ्हाट्या किंवा तुराट्या भडकल्या की धुराची उष्णता किती वर जाईल, याचा भरवसा नसतो. चार मिलिमीटरचे रिव्हेट मारावेत. जस्ती पत्र्यावर वेल्डिंग करण्याचा मोह टाळावा. जळणाऱ्या जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. टोपी पाइपपासून ७५ मिलिमीटर वर राहील अशा पट्ट्या लावाव्यात. धूर कोंडू नये यासाठी व्यासाच्या चौथाईइतकी फट हिशेबाने पुरते, पण काजळी साचणार हे धरून व्यासाच्या निम्मी ठेवलेली बरी. आपल्याकडे पावसाळी वारा बहुतांशी पश्चिमेकडून येतो, तेव्हा जोड पूर्वेकडे फिरवून टोपी बसवावी.

प्रश्न : घाण्याच्या तेलासाठी जस्ती पत्र्याचे नरसाळे चालेल का? (एक वाचक, परतूर)

उत्तर : नाही. खाद्यपदार्थाला, त्यातही ताक, चिंच किंवा लोणच्यासारख्या आंबट पदार्थाला, जस्त आणि शिशाचा डाख लागता कामा नये. तेलासाठी अर्धा मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस पत्रा घ्यावा. आखणी वरीलप्रमाणेच राहील, पण हा पत्रा वळवून सोडला की जास्त उलगडतो, म्हणून थोड्या लहान व्यासाची नळी वापरून हव्या त्यापेक्षा अधिक वळवावा. एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोकल्यास तो कडक होत जातो. जोड मात्र आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्याकडून करून घ्यावा आणि आतली शिवण घासून गुळगुळीत करून मागावी, नाहीतर तिच्या खाचेत तेल राहून खवट होते.