पानांना तेल नको, ओले फडके पुरे

प्रश्न : आमचे घर डिचोलीत हमरस्त्याला लागून आहे. ट्रकांच्या वर्दळीमुळे बल्कावातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) रबर प्लांटच्या पानांवर चार दिवसांत तांबूस धूळ साचते. शेजारणीने सांगितल्यावरून दिवाळीपासून मी पाने खोबरेल तेलाने पुसू लागले. सुरुवातीला ती छान चकाकली. परंतु आता जानेवारीत सकाळी पानांवर पांढुरका थर दिसतो आणि ऊन चढल्यावर तो नाहीसा होतो. ही बुरशी असेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : बुरशी सकाळी येऊन दुपारी जात नाही, त्यामुळे ती शंका सोडून द्यावी. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. थंडीत बाटलीतले तेल पांढरे होते, तेच तुमच्या पानांवर होत आहे. थरावरून बोट फिरवून पाहा. बोट तेलकट झाले की खात्री पटेल.

तेलाने पानांची छिद्रे बुजतात, असे सरसकट सांगितले जाते. रबर प्लांटच्या बाबतीत ते फारसे लागू पडत नाही, कारण त्याची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि तेल आपण चोळतो ते वरच्या बाजूला. खरी अडचण धुळीची आहे. कोरडी धूळ ओल्या फडक्याने सहज निघते. तेलात मुरलेली धूळ मात्र पानाला चिकटून बसते, पानापर्यंत पोहोचणारा प्रकाश अडवते आणि पान निस्तेज दिसू लागले की आपण त्यावर पुन्हा तेल लावतो. दूध किंवा बिअर लावण्याचे सल्लेही याच जातीचे. त्यांनी मुंग्यांची तेवढी सोय होते.

आता आधी साचलेले तेल काढावे लागेल. एक लिटर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार-पाच थेंब घालावेत, जुन्या सुती धोतराचे किंवा बनियनचे मऊ फडके त्यात बुडवून घट्ट पिळावे, एक तळहात पानाखाली धरावा आणि देठाकडून टोकाकडे हलक्या हाताने पुसावे. पाठोपाठ साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढून टाकावा. पुढे रस्त्याकडची झाडे दर आठवड्याला नुसत्या पाण्याने पुसली तरी पुरे. पुसताना पान उलटून पाहण्याची सवय ठेवावी, कारण कापसाच्या बोळ्यासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण बहुधा पानाच्या खाली, शिरेलगत किंवा देठाच्या बेचक्यात दडलेला असतो. तो आढळल्यास एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे. तेल वर्ज्य म्हणणारा मीच हे सांगत आहे खरा. पण हा किडीवरचा उपाय आहे, चकाकीसाठीचा नव्हे.

आफ्रिकन व्हायोलेटसारख्या लव असलेल्या पानांना ओले फडके लावू नये; त्यांची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी.

प्रश्न : पावसाळ्यात कुंड्या अंगणात ठेवल्या तर पाने आपोआप धुतली जातील ना?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : धुतली जातील, परंतु कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नये, त्या धारेने माती वाहून जाते आणि कोवळी पाने फाटतात. तास-दोन तास झिमझिम पावसात ठेवून कुंडी पुन्हा आडोशाला घ्यावी आणि तिच्याखालच्या बशीतले पाणी ओतून टाकावे. सतत घरात वाढलेले झाड उघडिपीच्या कडक उन्हात विसरले गेले, तर एका दुपारीही पाने करपतात. स्नेक प्लांट मात्र जून ते सप्टेंबर घरातच राहू द्यावा.