एका लोकसभा निवडणुकीने देशातील पक्षपद्धती खरोखर बदलते का?

बदलते, मात्र ती मतमोजणीच्या दिवशी नव्हे, तर त्याआधी चिन्ह ठरते तेव्हाच बदलू लागते. हे मी १९७७ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, हातात चुन्याची बादली धरून पाहिले आहे.

आमचे गाव राजापूर मतदारसंघातले. १९७१ मध्ये समाजवादी नेते मधु दंडवते प्रजा समाजवादी पक्षातर्फे उभे होते, तेव्हा वडिलांनी गावभर गेरूने पक्षाचे चिन्ह असलेली झोपडी रंगवली होती. १९७७ च्या मार्चमध्ये समाजवादी, जनसंघ आदी विरोधी पक्षांनी मिळून उभ्या केलेल्या जनता पक्षाचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढणार म्हटल्यावर त्यांनी स्वतःच त्या जागांवर चुना फासला आणि चक्रातला नांगरधारी शेतकरी काढायला घेतला. झोपडी चार रेषांत होत असे. या शेतकऱ्याच्या खांद्यावरचा नांगर मात्र तीनदा पुसूनही त्यांना साधेना. शेजारी उभे असलेले काका म्हणाले, "दादा, चिन्ह पुसलंत, आता पक्ष कुठला राहतोय!" वडिलांचे उत्तर एवढेच होते, "आधी आणीबाणी जाऊ दे."

जनता पक्षाला २९५ आणि काँग्रेसला १५४ जागा मिळाल्या; दंडवतेही निवडून आले. १ मे १९७७ रोजी घटक पक्ष रीतसर विलीन झाले आणि दुहेरी सदस्यत्वाच्या, म्हणजे जनता पक्षात राहून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही नाते ठेवावे का, या वादात तीन वर्षांच्या आत ते घर फुटले. पूर्वीचे जनसंघीय आपली बांधणी शाबूत ठेवून बाहेर पडले आणि एप्रिल १९८० मध्ये त्यांनी भारतीय जनता पक्ष स्थापन केला. समाजवाद्यांना मात्र परतायला स्वतःचे घरच उरले नव्हते. माझ्या मते विलीनीकरण ही समाजवाद्यांची घोडचूक होती आणि आजचे पक्षचित्र समजून घ्यायचे असेल, तर निकालाच्या आकड्यांइतकेच तिच्याकडेही पाहायला हवे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९७१ मध्ये काँग्रेसने सुमारे ४४ टक्के मतांवर ३५२ जागा जिंकल्या होत्या. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी होतो अशा पद्धतीत विरोधकांनी एकास एक लढत दिली नसती, तर आणीबाणीचे सरकार कदाचित गेलेही नसते. पण एकत्र लढणे वेगळे आणि पक्ष विसर्जित करणे वेगळे, हा फरक वडिलांनी शेवटपर्यंत मानला नाही. काकांचे म्हणणे बरोबर होते, हे त्या दोघांच्या हयातीत मी कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो आहे.