उइगुरांचे ‘बारा मुकाम’ : मुक्काम की राग?

एका वाचकाचा प्रश्न आहे : “चीनच्या शिंच्यांगमधल्या उइगुर लोकांच्या संगीताबद्दल वाचताना ‘बारा मुकाम’ असा शब्द आढळला. हे रेशीम मार्गावरचे मुक्काम की काय? मराठीत ‘बारा राग’ म्हटलं तर चालेल का? आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या ‘मश्रप’ला मैफल म्हणावं का?”

रेशीम मार्गावरचे मुक्काम नव्हेत, पण शब्द तोच. पत्त्यावर आपण ‘मु. पो.’ लिहितो, त्यातला ‘मु.’ आणि उइगुरांच्या ‘ओन इक्की मुकाम’मधला मुकाम हे सख्खे भाऊ. (‘ओन इक्की’ म्हणजे बारा, ते मात्र अस्सल तुर्की.) मूळ अरबी धातू क-व-म, अर्थ उभं राहणं. त्यावरून ‘मकाम’ म्हणजे उभं राहायची जागा आणि ‘मुकाम’ म्हणजे वास्तव्य. आपला ‘कायम’ही त्याच घरातला. जागेचा हा शब्द संगीतात कसा शिरला? एक मत असं, की तारेवर बोट ठेवायची जागा ती मकाम. मला ते पटतं, कारण बारांपैकी तिघांची नावंच पाहा : सेगाह, चहारगाह, पंजिगाह. फारसीत तिसरी, चौथी, पाचवी जागा. हा ‘गाह’ आपल्या दर्ग्यात आणि ईदगाहात आहेच. गवयानं एखादी हरकत सुरेख घेतली की आपणही म्हणतो, “काय जागा घेतली!” बंदिशीची ‘स्थायी’सुद्धा ‘स्था’वरून, म्हणजे पुन्हा उभं राहणंच.

‘राग’ मात्र नको. अरबांचा मकाम रागाच्या बराच जवळ जातो, उइगुरांचा मुकाम त्याहून लांबरुंद प्रकरण आहे. आधी तालाविना संथ गायन, सोबत बहुधा ‘सतार’. ही आपली सतार नव्हे; हिची मान लांबलचक आणि ती गजानं वाजवतात. मग ‘चोंग नगमा’ (चोंग म्हणजे मोठा), पुढे ‘दास्तान’ म्हणजे कथागीतं आणि शेवटी ‘मश्रप’, ज्यावर पाय थांबत नाहीत. असा एकेक मुकाम दोनेक तासांचा, बाराही मिळून वीस तासांच्या वर. तुर्दी आखुन या गायकाला हे सगळं मुखोद्गत होतं. १९५०च्या दशकात उरुमचीत त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं गेलं आणि त्यावरून केलेली स्वरलिपी १९६०मध्ये छापली गेली. शिवाय बारांतल्या पहिल्याचं नावच ‘राक’ आणि काही अभ्यासक ते आपल्या ‘राग’शी जोडतात. म्हणजे ‘बारा राग’ लिहिलंत तर ‘राग नावाचा राग’ अशी गंमत होईल. ‘मुकाम’च लिहा, एका ‘क’चा, म्हणजे कुणी बिछाना पसरणार नाही.

वाद्यांना तर भाषांतर नकोच. ‘दप’ म्हणजे डफ, ‘नगरा’ म्हणजे नगारा, ‘सुनाय’ म्हणजे सनईची बहीण. काशगरच्या ईदगाह मशिदीच्या छतावर ईदला नगरा-सुनाय वाजवायचे आणि खालच्या चौकात लोक ‘समा’ नाच करायचे, अशी तिथली रीत. आपल्या सनई-चौघड्याची आठवण येतेच.

आता मश्रप. हा दोन अर्थांनी येतो : मुकामाचा तो शेवटचा नाचता भाग आणि गावकऱ्यांचा मेळावा. मूळ अरबी ‘मश्रब’, म्हणजे प्यायची जागा; सरबत आणि शराब दोन्ही याच धातूचे. दैव बघा, १९९०च्या दशकात गुलजा शहरातल्या तरुणांनी मश्रप पुन्हा सुरू केले ते दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाविरुद्ध! १९९५मध्ये सरकारनं त्यांवर बंदी घातली आणि २०१०मध्ये युनेस्कोच्या तातडीनं जपायच्या वारशांच्या यादीत मश्रपचं नाव चीनच्याच वतीनं गेलं.

‘मैफल’ची घडणही तशीच, तोही अरबीतला जागावाचक शब्द, जमायची जागा. पण मैफलीत श्रोता निवांत बसतो. मश्रपमध्ये गाणं, नाच, विनोद असतातच, शिवाय लुटुपुटूचं न्यायालय भरतं आणि चुकलेल्याला सगळ्यांदेखत हसतखेळत शिक्षा होते. ‘मैफल’ लिहिलंत तर ही शिक्षा गळून जाते.